शीण कुणाचा, आळस कुणाचा?

(गंगापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आधीच एक खुलासा करतो. मी इतिहासावर बोलायला आलोय, इंग्रजी शिकवायला नाही. पण आजचा विषय मला दिला तो तुमच्याच गावातल्या एका मुलाने. मागच्या खेपेला इथे आलो होतो तेव्हा अभ्यासिकेतला एक मुलगा माझ्याजवळ आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. हातात समानार्थी इंग्रजी शब्दांचं पुस्तक. एका पानावर ओळीने शब्द छापलेले: फटीग, लॅसिट्यूड, लँग्वर, लेथर्जी, टॉर्पर, एक्झॉशन. आणि समोर मराठी अर्थ काय? थकवा, थकवा, थकवा. मध्येच दोन ठिकाणी आळस. तो म्हणाला, "सर, सगळ्याचा अर्थ थकवाच असेल तर इंग्रजांना एवढे शब्द लागले कशाला? आणि आपल्याकडे एकच कसा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे थोडंफार दिलं. दुसऱ्यासाठी म्हटलं, घरी जा आणि आजीला विचार. शेतातून आल्यावर तू काय म्हणतेस, आजारातून उठल्यावर काय म्हणतेस, दुपारी जेवून लवंडल्यावर काय म्हणतेस. दुसऱ्या दिवशी तो वहीचं एक पान भरून घेऊन आला. शीण, शिणवटा, दमणूक, गळाठा, मरगळ, सुस्ती, झापड, गुंगी, ग्लानी, कणकण, कंटाळा, "अंग मोडून आलंय", "हातापायांत त्राण नाही", "जिवात जीव नाही". शेवटी आजीने नातवाकडे बघून जो शब्द वापरला तोही त्याने प्रामाणिकपणे लिहिला होता: ऐदी. (हशा)

तेव्हा शब्द कमी नाहीत. आज बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. माणूस बसला. हात चालेनात, पाय उचलेनात. हे सगळ्यांना दिसतं. पण त्याला शीण म्हणायचं, अशक्तपणा म्हणायचं की आळस म्हणायचं, हे ठरवतं कोण? कारण शीण म्हटलं की विसावा मिळतो, अशक्तपणा म्हटलं की औषध मिळतं आणि आळस म्हटलं की मजुरी कापली जाते. इतिहासात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे, आणि इथून फार लांब नाही.

पण आधी त्या मुलाच्या पुस्तकातले शब्द बघू, कारण प्रत्येकाच्या पोटात एक गोष्ट आहे. एक्झॉशन घ्या. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पाणी उपसून काढणं. विहीर उपसली, तळ लागला, आता पोहरा सोडला तर नुसता गाळ येतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द समजवायला शब्दकोश लागत नाही, मार्च-एप्रिल महिना पुरतो. लेथर्जी ग्रीक आहे. त्यातलं 'लेथे' म्हणजे विस्मरण. ग्रीक पुराणात त्या नावाची एक नदी आहे, मेलेल्या माणसाने तिचं पाणी प्यायलं की मागचा जन्म विसरायचा. जुने ग्रीक वैद्य तापात गुंगी आलेल्या, हाक मारली तरी ओ न देणाऱ्या रोग्याला हा शब्द लावत. म्हणजे तो रोग होता. टॉर्पर म्हणजे बधिरपणा, थंडीत गारठून निपचित पडणाऱ्या प्राण्यांसाठी आजही वापरतात. लँग्वरची गंमत वेगळी. आधी त्याचाही अर्थ आजारच होता. पुढे कवींच्या हातात पडला आणि गोड झाला: उन्हाळ्याची दुपार, आरामखुर्ची, पडदे ओढलेले आणि अंगात एक मधुर शिथिलता. माझं साधं निरीक्षण आहे की लँग्वर व्हायला घरात खुर्ची लागते.

आता फटीग. यावर जरा थांबतो, कारण तुमच्या तालुक्याशी त्याचा संबंध आहे. मुळात दमणूक. मग सैन्यात गेला: लढाईव्यतिरिक्तची जी हमाली शिपायाला करावी लागते, खंदक खणणं, झाडलोट, सामान वाहणं, ती फटीग ड्यूटी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा शब्द लोखंडाला लागला. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, गाडी पेटली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. प्रश्न असा पडला की जो आस इतके दिवस तोच भार वाहत होता तो त्या दिवशीच का तुटला? भार तर वाढला नव्हता. इंजिनियर लोकांनी त्याला नाव दिलं, धातूचा थकवा. जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनियरने आस फिरवून फिरवून मोजलं की किती ताण किती हजार वेळा दिला की लोखंड तुटतं. आज वाळूजच्या कारखान्यांत जे सुटे भाग बनतात त्यांची जी चाचणी होते तिच्या मुळाशी हीच मोजणी आहे.

माझं म्हणणं एवढंच की लोखंडाला कुणी आळशी म्हटलं नाही. आस तुटला तेव्हा कुणी असं म्हणालं नाही की याची कामाची इच्छाच नव्हती. भार किती, फेऱ्या किती, विश्रांती किती, हे मोजलं. माणसाचा थकवा असा यंत्राने मोजण्याचा मोठा प्रयत्न व्हायला त्यानंतर काही दशकं जावी लागली. इटलीत तुरिनला आंजेलो मोस्सो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने बोटाला वजन बांधून, ते पुन:पुन्हा उचलायला लावून, स्नायू कसा थकत जातो त्याचा आलेख काढला. थकव्यावरचं त्याचं पुस्तक १८९१ चं आहे.

माणसाचा हिशेब इतका उशिरा का? एक कारण युरोपातच सापडतं. तिथे न उठणाऱ्या माणसाकडे बघण्याची एक जुनी, वेगळी नजर होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांना भर दुपारी एक अवस्था गाठायची: प्रार्थनेत मन लागेना, ऊन सरता सरेना, कोठडी सोडून जावंसं वाटे. तिला ते दुपारचा सैतान म्हणत. हीच कल्पना पुढे सात मोठ्या पापांपैकी एक होऊन बसली, तिचं इंग्रजी नाव स्लॉथ. म्हणजे अंगातली शक्ती जाणं हा एकीकडे वैद्याचा विषय आणि दुसरीकडे पापाचा. दोन्ही प्रवाह बोटीत बसून मुंबईला उतरले.

मराठीकडे या. थकणं या शब्दाचं प्राकृत मूळ थांबण्याचं आहे. बंगालीत 'थाका' म्हणजे राहणं, तो याच कुळातला मानतात. म्हणून मराठीत माणूस थकतो आणि हप्ताही थकतो. थकबाकी म्हणजे वाटेत थांबलेले पैसे. बँकेच्या नोटिशीत 'आपण थकबाकीदार आहात' असं वाचताना मला नेहमी वाटतं, यातले दोन्ही अर्थ खरे आहेत. शीण आला क्षीण या संस्कृत शब्दातून, पण त्याचा वापर बघा. कामाचा शीण, प्रवासाचा शीण, बाळंतपणाचा शीण. मागे कशाचा तरी षष्ठीचा प्रत्यय लागतोच. शीण बिनकारणाचा नसतो, त्याला मालक असतो. आळसाला तसा मालक नाही, तो माणसाच्या 'अंगात' असतो. भाषेने किती मुकाट्याने भेद केला आहे!

दम फारसीतला श्वास. दम लागला, दम खा, दम धर. कस हा शब्द तर आपण माणसाला आणि जमिनीला एकच वापरतो. जमिनीचा कस गेला, अंगात कस राहिला नाही. दरसाल तेच पीक घेतलं की रान कस सोडतं, हे शेतकऱ्याला कळतं, म्हणून तो रान पड ठेवायचा. घरातल्या बाईला पड ठेवायची पद्धत मात्र नव्हती. (थोडा हशा) हसू नका, पुढे यावर येणार आहे.

सुस्ती फारसी. आणि आजीचा तो ऐदी, त्याचा इतिहास तर खास औरंगाबादी म्हणावा असा आहे. मोगल सैन्यात 'अहदी' नावाचे शिपाई असत. अरबीत अहद म्हणजे एक. कुठल्या मनसबदाराच्या पथकात नाहीत, थेट बादशहाच्या चाकरीत, एकेकटे. पगार चांगला, मान मोठा, पण रोजचं काम ठरलेलं नाही. बादशाही हुकूम येईल तेव्हा निघायचं. मग काय व्हायचं? लोकांना दिसायचे ते पगार घेऊन बसलेले. अहदीचा ऐदी झाला. मोगलांची दख्खनची राजधानी इथून हाकेच्या अंतरावर होती, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडात हा शब्द घट्ट बसला यात नवल नाही. पण गंमत बघा, हा शब्द कुणासाठी जन्मला? खायला पोटभर होतं, अंगात ताकद होती आणि तरी बसून होता, त्याच्यासाठी. ही अट लक्षात ठेवा.

कारण हीच अट सुश्रुतसंहितेत आहे. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात तंद्रा, जांभई, क्लम, आलस्य, ग्लानी यांची लक्षणं एकामागोमाग दिली आहेत. आपल्या मुलाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी नेटकी! क्लम म्हणजे श्रम न करता आलेला थकवा, ज्यात धाप लागत नाही. म्हणजे काही केलेलं नाही आणि तरी माणूस दमलेला आहे, अशी अवस्था खरी असते, ती सोंग नव्हे, हे तिथे मान्य आहे. आणि आलस्याची व्याख्या करताना सुखाची ओढ आणि कष्टाचा तिटकारा सांगितला आहेच, पण त्यासोबत एक नेमका शब्द टाकला आहे: सामर्थ्य असलेल्याचा कामातला निरुत्साह. असमर्थाचा नव्हे. म्हणजे कुणाला आळशी म्हणायचं असेल तर आधी त्याच्या अंगात शक्ती आहे हे दाखवून द्या. ती सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर.

आपल्या संतांनीही आळसाला झोडपलं आहे हे खरं. गोदावरीपलीकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके १२१२ मध्ये. तिच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण आला, निद्रा आली, आळस आला. दासबोधातही आळसावर वारंवार प्रहार आहेत. पण मला त्यांचा रोख दिसतो तो ऐकणाऱ्याने स्वतःकडे बघावं असा. तो मजुरी ठरवण्याचा नियम नव्हता. हा फरक पुढे पुसला गेला.

आता ही दोन्ही भाषांची कोठारं एकमेकांना जोडली कशी गेली ते थोडक्यात. जेम्स मोल्सवर्थ नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी, आपल्याकडे त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. त्याने शास्त्री-पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी, साठ हजारांच्या घरात शब्द असलेली, १८५७. नुसते ग्रंथातले नाहीत, कुणब्याच्या, बायकांच्या तोंडचे शब्दही त्यात घेतले. त्यामुळे शीण, गळाठा, मरगळ यांचे बारीक भेद जपले गेले, त्याबद्दल आपण त्याचे ऋणीच आहोत. उलट बाजूचा इंग्रजी-मराठी कोशही त्यानेच सुरू केला. पण १८३६ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे काम अर्धवट टाकून त्याला मायदेशी जावं लागलं, आणि तो कोश थॉमस कँडीने १८४७ साली पुरा केला. थकव्याचे शब्द वेचणारा स्वतःच थकून गेला. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही, आणि म्हणायला नकोच होतं.

एवढे उत्तम कोश टेबलावर असताना वीस वर्षांनी काय झालं ते सांगतो.

१८७६ चा पाऊस गेला. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. कायगाव-टोक्याला जिथे आज पूल आहे, तिथे पलीकडचा काठ इंग्रजांचा, नगर जिल्हा. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, खाली कर्नाटकापर्यंत दुष्काळ. सरकारने कामं काढली: रस्ते, तलाव, दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकाम. लासूरहून मनमाडला जाऊन जी पुण्याची गाडी तुम्ही पकडता तिच्या रुळाखालच्या भरावात ते श्रम आहेत. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाचे खास प्रतिनिधी म्हणून पाठवलं. खर्च आटोक्यात ठेवायचा ही त्यांना ताकीद. त्यांनी रोजचा दर खाली आणला: मोठ्या माणसाला एक पौंड धान्याची किंमत, वर मीठ-मिरचीला आणा-अर्धा आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर माती खणायची, टोपल्या वाहायच्या. बायकांना त्याहून कमी.

शिवाय एक कसोटी. गावाजवळचं काम बंद करून लांबच्या कामावर जायला सांगायचं. जो खरा गरजू तो कितीही लांब जाईल, जो जाणार नाही त्याला गरज नाही. तर्क ऐकायला चोख आहे ना? अर्धपोटी माणसाच्या अंगात दहा-पंधरा मैल चालायचं त्राण उरलंय का, हा प्रश्न त्या तर्कात बसतच नाही. तिथे 'जाऊ शकत नाही' आणि 'जायचं नाही' हे दोन्ही एकाच रकान्यात पडतात. सुश्रुताच्या व्याख्येतला तो एक शब्द गाळला की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

पण मजूर गप्प बसले नाहीत. मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी कमी दरावर आणि लांबच्या कामावर जायला नकार दिला, कामं सोडून घरी गेले. मोठा वर्ग अडाणी, उपाशी, पण दर परवडत नाही हे त्यांनी करून दाखवलं. अधिकाऱ्यांतल्या अनेकांनी त्याचा अर्थ लावला की यांना मदतीची गरजच नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला कळवलं की हा दर माणूस जगवण्याइतका नाही. तिकडे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश यांनीही वैद्यकाच्या आधारावर हेच मांडलं. म्हणजे एक इंग्रज डॉक्टर आणि पुण्याची सभा, दोघे सांगत होते की हा शरीराचा प्रश्न आहे, स्वभावाचा नाही. मे १८७७ मध्ये मद्रासला दर वाढवावा लागला. टेंपल तोवर मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

याच काळात साहेबाच्या थकव्याचं काय चाललं होतं? मुंबई सरकारचा उन्हाळा महाबळेश्वरला जायचा. ते ठिकाण १८२०-३० च्या सुमाराला मुख्यतः प्रकृती सुधारायलाच वसवलं गेलं, गव्हर्नर माल्कमच्या नावावरून तिथली पेठ माल्कमपेठ. उन्हाने साहेबाची उमेद जाते हे सगळ्यांना मान्य होतं. पुढे त्याला शास्त्रीय नावही मिळालं. १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने न्यूरस्थेनिया हा शब्द रूढ केला, मज्जासंस्थेची शक्ती संपल्यामुळे येणारा थकवा. बिअर्डच्या मते तो विशेषतः बुद्धीचं काम करणाऱ्या सुसंस्कृत लोकांना व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचीच 'उष्ण प्रदेशातली' आवृत्ती निघाली आणि वसाहतींतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना त्या निदानावर रजा, थंड हवा, मायदेशी बदली मिळू लागली. मी या लोकांची टिंगल करत नाही. परक्या हवेत, घरापासून लांब, माणूस खचतो, ते दुःख खरं होतं. पण त्याच उन्हात खडी फोडणाऱ्याला कुठला डॉक्टर न्यूरस्थेनिया लिहून देणार? त्याच्यासाठी इंग्रजीत दोनच शब्द शिल्लक: लेझी आणि आयडल.

आणि हे गोऱ्या-काळ्याचंच होतं असं समजू नका. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे गरीब शेतकरीही पिढ्यान् पिढ्या आळशी म्हणून बदनाम होते. फिकट चेहरे, सुकलेले, दिवसभर ओट्यावर बसून. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स यांनी दाखवून दिलं की यांच्या पोटात अंकुशकृमी आहे. अनवाणी पायांतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. वर्तमानपत्रांनी मथळा दिला, आळसाचा जंतू सापडला! १९०९ मध्ये रॉकफेलरच्या पैशाने मोठी मोहीम निघाली, औषधं दिली, संडास बांधले. म्हणजे इतकी वर्षं ज्याला स्वभाव म्हणत होते तो रक्तक्षय निघाला. मथळ्यात तरीही शब्द आळसच राहिला, हे मात्र बघा.

आता नदीच्या अलीकडे येतो. १९७२. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींना काही सांगायला नको. माझी आई त्या कामावर होती. खडी फोडायला. खडी ब्रासने मोजायचे, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, आणि टोळीच्या नावाने मस्टर. लाल मिलोची भाकरी, कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने. शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत फरक जमीन-अस्मानाचा. १८७७ सारखी माणसं मेली नाहीत, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, वि. स. पागे यांनी ज्याचा ध्यास घेतला होता. १९७७ ला विधिमंडळात मंजूर, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू. 'काम द्या' हा हक्क झाला. ही मोठीच गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्राने देशाआधी केली.

पण शब्द? आई सांगायची, माझ्या वेळेला ती सातव्या महिन्यात होती. दुपारनंतर तिचा हातोडा उचलेना. टोळीतली दुसरी बाई मुकादमाला म्हणाली, "तिला शीण झालाय, बसू द्या." मुकादम म्हणाला, "मोजमापात शीण कुठं लिहू?" त्याचंही चूक नव्हतं. वरून आलेल्या कागदात तसा रकाना नव्हता. त्या दिवशी टोळीतल्या बायकांनी तिच्या वाटची खडी आपल्या ढिगातून भरून दिली. तिने हे आयुष्यभर सांगितलं, ढिगाचा आकार हाताने दाखवून. इतिहासाच्या कागदात हे सापडायचं नाही, कारण कागदावर त्या दिवशी ब्रास पूर्ण भरला आहे.

रकान्याचीच गोष्ट चाललीये तर ऊसतोडीचं बोलू. बीडपासून आपल्या भागापर्यंत दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल आधीच घेतलेली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. आणि त्यांच्या हिशेबात थकव्याला शब्द एकच: खाडा. ताप आला, खाडा. पाळीचा त्रास, खाडा. गळून गेली, खाडा. आणि खाड्याला दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक आहेत, वैद्यकीय, आर्थिक, फसवणुकीची. पण खाडा पडू नये ही भीती त्यात होती, हे त्या बायकांनीच सांगितलं आहे.

मघाशी रान पड ठेवण्याचं बोललो ते यासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१ ची. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५४ जणींना रक्तक्षय. रक्त कमी म्हणजे शरीराला प्राणवायू कमी, म्हणजे पायरी चढताना धाप, दुपारी डोळ्यांवर झापड, कामाचा उरक नाही. घरात त्याला काय म्हणतात? "हिला मेलीला कामाचा कंटाळाच." आणि ती स्वतः डॉक्टरकडे जाऊन काय सांगते? "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." सलाईनमध्ये मीठ-पाणी, फार तर साखर. दोन दिवस बरं वाटतं. रक्त त्याने वाढत नाही, लोहाच्या गोळ्या आणि पोटात पुरेसं अन्न लागतं. पण मला तिचं सलाईन मागणं समजतं. दंडाला चिकटपट्टी लावून घरी आलं की त्या दिवशी कुणी तिला आळशी म्हणत नाही.

वाळूजच्या किंवा पुण्याच्या कंपनीत बसणारी आपलीच मुलं हल्ली बर्नआउट म्हणतात. घरच्या वडिलधाऱ्यांना राग येतो, एसीत बसून कसला आलाय थकवा! मला तो शब्द आवडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या यादीत त्याची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे इंग्रजीला इतक्या फेऱ्या मारून अखेर असा शब्द मिळाला की जो कारण माणसाच्या अंगात शोधत नाही, कामात शोधतो. आपला 'कामाचा शीण' तेच म्हणत होता. त्याचा षष्ठीचा प्रत्यय तेवढा मस्टरवर चढला नाही.

वेळ झालेली दिसते, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं. (हशा) प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रश्नोत्तरांतून) एका ताईंनी विचारलं, कंटाळा हा आळसच ना? नाही हो. आळशी माणसाला न केल्याचं सुख असतं, कंटाळलेल्याला ते नसतं. तुम्ही स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणता आणि तरी स्वयंपाक करताच ना? "करतेच की," त्या म्हणाल्या. मग झालं तर.

आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी एक शब्द दिला तो इथे नोंदवतो. ते म्हणाले, दुष्काळात आमच्याकडे बैल बसला की त्याला मारत नसत. शेपटीखाली हात घालून चौघे मिळून उभं करायचे आणि पुढे कडबा टाकायचे. त्याला ते 'उठवणी' म्हणायचे. मी विचारलं, हा शब्द माणसाला लावत होता का? ते जरा थांबले. म्हणाले, "नाही. माणसाला कामावर धाडायचे."